नकार घेऊन येणारी माणसं

आत्या टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवरून उठून दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली, तरी बराच वेळ कोणाला त्याचा पत्ता नव्हता. बटणवाल्यांच्या घरात सगळे एकाच वेळी बोलत, आणि बोलणारा माणूस समोरची भिंत पडली तरी आधी आपलं वाक्य पुरं करून घेई. शेवटी दादाला घसा ओला करायला थांबावं लागलं, तेव्हा त्याला बहिणीची खुर्ची रिकामी दिसली.

“तू तिकडे काय करते आहेस?”

“अर्जदार टेबलाशी बसत नाही,” आत्या म्हणाली. “या वर्षी मी अर्जदार आहे.”

आता मात्र सगळ्यांनी आपापली वाक्यं अर्धवट सोडली. ज्या टेबलाशी ते बसले होते ते त्यांच्या शिंपल्याच्या बटणांच्या कारखान्यातलं निवडणीचं टेबल. चांगलं लांबलचक, आणि बटणं घरंगळून जाऊ नयेत म्हणून चारही कडांना बोटभर उंच पट्टी ठोकलेली. आठवडाभर तिथे बायका बसून दोन भोकांची बटणं एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे आणि तडकलेली टोपलीत टाकत. सुट्टीच्या दिवशी यंत्रं बंद असत, हवेत शिंपल्याची भुकटी तेवढी तरंगत असे, आणि वर्षातून एकदा घरची माणसं तिथे वाट्यासाठी बसत. कारखान्याच्या कमाईतला एक भाग दर वर्षी गावातल्या कुठल्या तरी चांगल्या कामाला द्यायचा, हा आजोबांनी घालून दिलेला नियम. त्या भागाला घरात ‘वाटा’ म्हणत. प्रत्येकाला एक दोन भोकांचं आणि एक चार भोकांचं बटण मिळे. होकार असेल तर चार भोकांचं पत्र्याच्या मगात टाकायचं, नसेल तर दोन भोकांचं.

कारखाना दादाने चालवला आणि वाटा आत्याने. तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली ती या टेबलाच्या टोकाला येऊन बसली आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच बसली. या वर्षी मात्र तिने जाहीर करून टाकलं होतं की आपले गुडघे आता दुसऱ्यांचे जिने चढायला तयार नाहीत, इथून पुढे पोरं बघतील. पोरं म्हणजे तिघं. दादाची थोरली मुलगी, दातांची डॉक्टर, तिला घरात डॉक्टरीणच म्हणत. तिच्या पाठचा भाऊ कारखान्यात भोकं पाडणाऱ्या यंत्रांवर होता, पण जो तो बोलला की त्याची चूक काढायची सवय असल्याने त्याचं नाव पडलं होतं मास्तर. आणि दादाच्या धाकट्या भावाची मुलगी भिंगरी. आईवडील परगावी असले तरी ती शिकायला इथेच राहिली होती आणि एका जागी बसलेली तिला कोणी पाहिलं नव्हतं.

“अगं, पण तुझा अर्ज कसला?” दादा म्हणाला. “तुला हवं ते तू सांगायचं आणि आम्ही बटणं टाकायची. इतकी वर्षं हेच तर चाललंय.”

“म्हणूनच आता ते थांबवायचं. वाचनालयाची वरची गॅलरी,” आत्या पोरांकडे वळून म्हणाली. “जिना कुजला म्हणून कुलूप लावलंय, त्याला किती वर्षं झाली. तो जिना नवा करायचा आणि गॅलरी उघडायची. मी माझं पहिलं पुस्तक तिथे बसून वाचलं. ग्रंथपालांशी बोलले आहे, ते एका पायावर तयार आहेत. झालं माझं. दादा, ऊठ. वहिनी, चल.”

“मी का उठू?” दादा म्हणाला.

“वाटा पोरांचा म्हणजे पोरांचा. तुझंही बटण गेलं.”

“माझ्या कारखान्यात माझं बटण गेलं,” दादा म्हणाला, पण उठला. दारातून मागे वळून त्याने मुलीला डोळ्याने काहीतरी खुणावलं. ते आत्याच्या नजरेतून सुटलं नाही आणि डॉक्टरणीच्याही नाही, कारण तिने उठून दार लावून घेतलं.

टेबलावर चार विनंत्या होत्या आणि या वर्षीच्या वाट्यात दोन कामं होण्यासारखी होती. एक तरणतलावावरच्या बाईंची. पाण्याला घाबरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्या पोहायला शिकवत, पण थंडीच्या दिवसांत वर्ग बंद ठेवावा लागे, म्हणून त्यांना तलावाचं पाणी कोमट करणारं यंत्र हवं होतं. दुसरी निवृत्त लोकांच्या हौशी बँडची, त्यांच्या तालमीच्या शेडवर छप्पर उरलं नव्हतं. तिसरी इस्पितळासमोर निवारा बांधण्याची, कारण रोग्यांचे नातेवाईक तिथे पायऱ्यांवरच रात्र काढत. आणि चौथी आत्याची.

घर कारखान्याला लागूनच होतं. स्वयंपाकघरात वहिनीने मटाराचा ढीग तिघांच्या मध्ये ओतला आणि शेंगा सोलायला बसवलं, कारण रिकाम्या हातांनी दादा घरभर येरझाऱ्या घालतो हा तिचा अनुभव होता.

“मी निघताना पोरीला खुणावलंय,” दादा हळूच म्हणाला. “आत्याचं मन मोडायचं नाही.”

“आणि मी पोराला सांगून ठेवलंय की तलावाचं बघ,” वहिनी म्हणाली. “माझं नाव आहे त्या वर्गात. आता कुठे मी पाण्यात तोंड घालायला लागले आहे. गॅलरी उघडली काय आणि नाही काय, तुझ्या बहिणीशिवाय कोण चढणार आहे वर?”

“वहिनी, मी इथेच बसले आहे,” आत्या म्हणाली.

“म्हणून तर बोलले. पाठीमागे बोलायची मला सवय नाही.”

आत्याला हसू आलं. गॅलरी हवी होती हे खरं. त्याहून मोठी काळजी ही होती की पोरांना हे जमेल का. नको त्याला नाही म्हणणं जमलं नाही तर वाटा दोन-तीन वर्षांत गोड बोलणाऱ्यांच्या हातात जाईल, हे ती ओळखून होती.

कारण बटणवाल्यांच्या वाट्याचा खरा नियम देण्याचा नव्हता, नाही म्हणण्याचा होता. आजोबा म्हणत, होकार फोनवर कळवला तरी चालतो, आनंद स्वतःच्या पायांनी पोहोचतो. नकार मात्र आपण चालत जाऊन दारात द्यायचा. समोरून प्यायला पाणी यायच्या आत, पहिल्याच वाक्यात ‘नाही’ म्हणायचं. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचं नाही. हातात फळं-बिळं काही न्यायचं नाही, नाहीतर ते भरपाईसारखं दिसतं. समोरचा माणूस जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, स्वतःची बाजू मांडायची नाही, कारण विचारलं तरच सांगायचं. आणि तो माणूस स्वतः उठेपर्यंत आपण उठायचं नाही. आत्याने असे नकार गावभर पोहोचवले होते. एका गायनशाळेच्या बाईंनी तिला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं होतं, आणि पुढे त्या दोघी जिवलग मैत्रिणी झाल्या होत्या.

गेले काही आठवडे ती पोरांकडून याची तालीम करून घेत होती. स्वतः अर्जदार व्हायची आणि एकेकाला दारातून आत बोलवायची. अनाथाश्रमाचा म्हातारा व्यवस्थापक तिने असा काही वठवला की मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने होकार तर दिलाच, वर स्वतःची सायकलही देऊन टाकली. डॉक्टरीण ‘नाही’ म्हणताना दुखणाऱ्या दाताकडे बघावं तसं बघायची. भिंगरी पहिल्या वाक्यात ‘नाही’ म्हणायची, पण दुसऱ्या वाक्यात माफी मागायची आणि तिसऱ्यात म्हणायची, “आपण काहीतरी करू या ना.” आत्या कपाळाला हात लावायची.

मटार सोलून झाले, दादाने त्यातले निम्मे खाऊन टाकले, तरी कारखान्याचं दार उघडलं नाही. मग ते उघडलं ते एकदम धाडकन, आणि भिंगरी अंगणातून फाटकाबाहेर पळत गेली. मास्तर तिच्या मागून निघाला आणि उलट्या दिशेला वळला. डॉक्टरीण सावकाश आत आली, हात धुतले, आणि कोणाशी काही न बोलता आपल्या खोलीत गेली.

“काय ठरलं?” दादाने बंद दाराला विचारलं.

“ज्याचं त्याला कळवू,” दारातून उत्तर आलं.

“बघितलंस?” दादा म्हणाला. “पोटची पोर.”

भिंगरी परत आली ती ओलीचिंब. केसांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती.

“आत्या, तू गावाची वाट लावून ठेवली आहेस,” ती म्हणाली. “मला बाईंच्या तोंडावरचा आनंद बघायचा होता गं. फोनवर कुठला दिसणार? म्हणून स्वतः गेले. वर्ग चालू होता. म्हातारी मंडळी कठडा धरून पाय मारत होती. बाईंनी मला फाटकात पाहिलं आणि शिट्टी वाजवली. म्हणाल्या, ‘मंडळी, थांबा. बटणवाल्यांकडचं माणूस आलंय. नकार आहे.’”

वहिनीच्या हातातली परात टेबलावर आपटली.

“सगळे पाण्यात उभे राहिले. एकाने टोपी काढली. मी म्हटलं, अहो, होकार आहे. बाई म्हणाल्या, ‘ये बाळ, बस. पहिल्यांदाच आलीस ना? इतकं गोड बोलायची गरज नाही, तुझी आत्या सरळ सांगते.’ मी परत सांगितलं. एक आजोबा म्हणाले, पोरीला बोलायला जड जातंय, तिला पाणी द्या. मला खरंच कोणीतरी पाणी आणून दिलं.”

“मग?” दादा पुढे सरकला.

“मग काय, भिंतीमागे गेले आणि तिथून बाईंना फोन लावला. तो त्यांच्या पिशवीत वाजत राहिला. कोणीतरी उचलून त्यांना दिला. मी म्हटलं, ‘बाई, बटणवाल्यांकडून बोलते आहे, तुमचं काम मंजूर आहे.’ तेव्हा कुठे पटलं. मी भिंतीमागून बाहेर आले आणि त्यांनी मला उचलून पाण्यात टाकलं.”

दादा हसून हसून टेबलाला धरून बसला. वहिनी जागच्या जागी हात मारून पोहायला लागली. आत्याही हसली, डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिच्या मनात हिशेब झाला. एक होकार गेला. एक उरला.

मास्तर दिवे लागायच्या सुमारास परतला. तो बँडकडे नकार घेऊन गेला होता, हे त्याच्या चालण्यावरूनच कळलं.

“पहिल्या वाक्यात नाही म्हटलं,” तो म्हणाला. “पाणी आलं नव्हतं. बँडप्रमुखांनी ट्रंपेट उचलला. मग सगळ्यांनीच आपापली वाद्यं घेतली. येतं तेवढं सगळं वाजवलं, मग परत पहिल्यापासून. मला उठता येत नव्हतं. ढोलवाला ठोका चुकत होता, दर वेळी त्याच जागी.”

“तू सांगितलंस त्याला?” आत्याने विचारलं.

“नाही,” मास्तर म्हणाला, आणि हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला की आत्याला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. “शेवटी प्रमुख उठले. म्हणाले, छप्पर नाही तर नाही, पण श्रोता तर मिळाला. पुढच्या तालमीला बोलावलंय.”

म्हणजे आता निवारा आणि गॅलरी. एकाला होकार, एकाला नकार. आत्या काही न विचारता वर आपल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं, दिवा लावला आणि फोन समोर ठेवून खुर्चीत बसली. होकार असेल तर फोन वाजेल. घर एकच असलं म्हणून काय झालं, नियम तो नियम.

खिडकीतून कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. तिला वाचनालयाची गॅलरी आठवली, तिथला लाकडाचा वास, कठड्याच्या गजांतून खाली दिसणारी माणसांची टकली. तिथे परत जाऊन बसायचं, एवढंच तिला हवं होतं. इतकी वर्षं इतरांना दिलं, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. आता मागितलं तर ते मिळावं असं वाटण्यात काही गैर आहे असं तिला वाटेना.

फोन वाजला. तिने तो इतक्या घाईने उचलला की चष्मा खाली पडला.

“अगं, माझा चष्मा बघितलास का?” दादा खालून विचारत होता.

“कपाळावर बघ.”

“हो की,” दादा म्हणाला आणि ठेवून दिला.

मग जिन्यावर पावलं वाजली. तिघांची. डॉक्टरणीची मोजून टाकलेली, मास्तरची जड, आणि भिंगरीची, पण भिंगरी आज एकेक पायरी चढत होती. आत्याला कळलं. तरीही तिने स्वतःशीच म्हटलं, ही वेंधळी तलावावरसुद्धा होकार घेऊन गेली होती की.

दारावर टकटक झाली. या घरात तिच्या दारावर आजवर कोणी टकटक केली नव्हती, सगळे सरळ आत घुसत.

“या,” ती म्हणाली.

तिघं आत आली. कोणाच्या हातात काही नव्हतं.

“आत्या, गॅलरीचं काम आपण करणार नाही,” डॉक्टरीण दारातच म्हणाली.

आत्याने त्यांना बसायला सांगितलं. डॉक्टरीण पलंगाच्या कडेवर बसली, मास्तर ट्रंकेवर, भिंगरी जमिनीवर. आणि मग आत्याला स्वतःलाच नवल वाटेल असा राग आला. तालमीत तिने रडणारे, चिडणारे, टोमणे मारणारे सगळे अर्जदार वठवले होते. त्यातला एकही आता कामाला आला नाही. ती वाट्टेल ते बोलली. म्हणाली, मी तुम्हाला बटण धरायला शिकवलं आणि पहिलं दोन भोकांचं माझ्यावरच टाकलंत. म्हणाली, निवारा तर नगरपालिकाही बांधेल, माझा जिना कोण बांधणार? म्हणाली, डॉक्टरणीच्या जन्माच्या साली मी वाटा हातात घेतला, तेव्हापासून एक सुट्टी नाही घेतली. साल चुकलं होतं, ते मास्तरच्या जन्माचं होतं. मास्तरचे ओठ हलले आणि मिटले. भिंगरीचे डोळे भरून आले होते, तरी माफी तिने मागितली नाही.

आत्याने ते पाहिलं. बोलता बोलता ती थांबली.

“कारण सांगा,” ती म्हणाली.

डॉक्टरणीने भिंगरीकडे पाहिलं.

“ठरवायच्या आधी आम्ही कारखान्याच्या मागच्या दाराने ग्रंथपालांकडे जाऊन आलो,” भिंगरी म्हणाली. “त्यांना गॅलरी नकोच आहे, आत्या. वर लक्ष ठेवायला माणूस नाही, म्हातारे वाचक चढू शकत नाहीत. त्यांना खालीच बसायला जागा करायची आहे. आम्ही विचारलं, मग आत्याला हो का म्हणालात? तर म्हणाले, त्यांना नाही कोण म्हणणार?”

गावातले एकेक जण आत्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागले, तिने काही सुचवलं की मान डोलावणारे. किती जणांच्या माना खऱ्या होत्या, कोण जाणे. इतक्या दारांत ती नकार घेऊन बसली होती, पण या बाजूच्या खुर्चीवर कसं वाटतं हे तिला आज कळत होतं. समोरचा निघून जाईल अशी भीती वाटते, आणि तो बसून राहिला तर बरं वाटतं. आजोबांनी आधी उठायचं नाही हा नियम का केला असेल, हे तिला आज उमगलं.

“उद्या वाचनालयात जाते,” ती म्हणाली.

“कशाला?” मास्तरने घाबरून विचारलं.

“ग्रंथपालांना नाही म्हणायची तालीम द्यायला. एवढे मोठे झाले म्हणून काय, नाही म्हणता यायलाच हवं त्यांना.”

भिंगरी फिसकन हसली आणि तिने तोंडावर हात दाबला. पण जागचं कोणी हललं नाही.

खालून वहिनीने जेवायला हाक मारली. मटाराचा वास वर आला होता. भिंगरीच्या पोटात कावळे ओरडायला लागले ते सगळ्यांना ऐकू गेलं. ट्रंकेची कडी मास्तरला रुतत होती, तो एकदा या बाजूला सरकला, एकदा त्या. तिघंही आत्याकडे बघत होती, कारण ती उठल्याशिवाय त्यांना उठता येणार नव्हतं.

आत्याच्या हे ध्यानात आलं तसं तिचं तोंड हळूहळू हसरं झालं. कितीतरी दिवसांत ही तिघं अशी एकत्र, गुपचूप, तिच्या खोलीत बसली नव्हती. जमलं पोरांना, तिने मनात म्हटलं, अगदी नीट जमलं.

“ढोलवाला कुठे चुकत होता म्हणालास?” तिने मास्तरला विचारलं. “जरा वाजवून दाखव बघू.”

मास्तर ट्रंकेवर ठोके द्यायला लागला. खालून वहिनीने पुन्हा हाक मारली. आत्याने पाय पोटाशी घेतले, शाल नीट पांघरली आणि खुर्चीत आणखी आरामात बसली.